देवराईतल्या आंब्याचा कौल

आमच्या देवराईतल्या आंब्याला प्रदक्षिणा घालायला लहान पोर निघालं, तर परत येईस्तोवर त्याला मिसरूड फुटलेलं असतं. असं मी सांगितलं की माझे दीर म्हणतात, "वैनीचं निम्मं सोडून द्या." निम्मं सोडलं तरी चार बाप्यांच्या कवेत न मावणारं खोड उरतंच. त्या खोडासाठी मी एक अख्खा दिवस चिखलात बसले, हे दिरांनाही नाकारता येत नाही.

माझं माहेर सांगली. हळदीच्या पेठेला लागून घर, त्यामुळे लहानपणी शिंकले तरी पिवळं निघायचं. सासर पाटणच्या वर, डोंगरात. तिथं सपाट जागा म्हणजे जेवणाचं ताट, बाकी सगळा चढ. तिथल्याच शाळेत जन्मभर भूगोल शिकवला. आता मी निवृत्त आहे, आवाज मात्र अजून सेवेत आहे.

गावाच्या माथ्यावर देवराई, म्हणजे देवीच्या नावानं राखलेलं रान. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीला आणत नाही. पडलेलं झाड पडल्या जागी कुजतं, त्यावर दुसरं उगवतं. आत पाय टाकला की माती गादीसारखी दबते आणि भर दुपारी दिवा लावावासा वाटतो.

गेल्या वर्षी गणपती उठले आणि देवस्थान कमिटीनं ठरवलं, की नवरात्राच्या आधी देवराईतल्या देवळाच्या दारापर्यंत गाडीरस्ता न्यायचा. मुंबईला कामाला गेलेली आमची माणसं आता चारचाकीतून येतात आणि शेवटचा चढ त्यांना चढवत नाही. रस्त्याच्या आड हा आंबा. कमिटीचे अध्यक्ष माझे धाकटे दीर, फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले. त्यांच्या लेखी जगात दोनच गोष्टी असतात: रस्ता, आणि रस्त्यात आलेलं काहीतरी.

शाळेच्या ओट्यावर बैठक भरली. दीर म्हणाले, "वैनी, एका आंब्याच्या बदली शंभर रोपं लावतो. फायदाच हाय."

"मग भावजी, औंदा भात कापायला गडी मिळाला नाही, तर एका गड्याच्या बदली अंगणवाडीतली शंभर पोरं पाठवते. फायदाच आहे."

बाया पदराआड हसल्या. दीर म्हणाले, "दादानं सांगलीची हळद म्हणून आणली, ती मिरची निघाली."

रोपांचं म्हणाल तर शाळेमागच्या एका खड्ड्यात आमचं गाव दर पावसाळ्यात वृक्षारोपण करतं. त्याच खड्ड्यात, फोटोसकट. खड्डा वाढत वाढत आता त्यात म्हैस बसते. झाड काही वाढलेलं नाही.

मग मी भूगोलावर आले. विचारलं, "एवढं लाकूड कशाचं झालं?"

"मातीचं," एकजण म्हणाला.

"मातीचं असतं तर आंब्याखाली विहिरीएवढा खड्डा पडला असता. ते बहुतेक हवेचं झालंय. शिरवळच्या हायवेवरचे ट्रक, फलटणच्या कारखान्यांची धुराडी, भावजींची बुलेट, सगळे जो धूर सोडतात, त्यातला कार्बन पानं ओढून घेतात आणि त्याचं लाकूड करतात. पिढ्यान्‌पिढ्यांची हवा त्या खोडात कोंडलेली आहे. तोडून वीटभट्टीत घातलंत की एका दुपारी सगळी मोकळी. ती परत कोंडायला तुमच्या रोपांना किती पिढ्या लागतील?"

"पर एका आंब्यानं जगाचं काय हुतंय, वैनी?"

हा प्रश्न खोटा नव्हता. वर्गात मी छडीनं जगाचा नकाशा दाखवायचे: हे अ‍ॅमेझॉन, हे काँगो, हे वर सैबेरिया. माणूस सोडतो त्या धुराचा मोठा वाटा ही रानं पोटात घेतात, म्हणून आपलं अजून भागतंय. आणि रान तोडलं, जाळलं, की पोटातलं सगळं परत वर. त्या नकाशावर आमची देवराई शोधायला गेलात तर माशीनं केलेल्या ठिपक्याखाली झाकून जाईल. पण तिकडं अ‍ॅमेझॉनातही कुणाचा तरी दीर असणारच, ओट्यावर बसून "एका झाडानं काय हुतंय" म्हणणारा. मी तेच सांगितलं. दीर म्हणाले, "त्याला माझा रामराम सांगा," आणि बैठक रस्त्याच्या बाजूनं उठली.

पण कौल लावल्याशिवाय देवराईत कोयता चालत नाही. आंब्याच्या बुंध्याशी देवीचा जुना पाषाण आहे. गुरव तो ओला करतो, दोन्ही खांद्यांवर फुलाच्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाकळी पडेपर्यंत जमलेल्यांपैकी कुणी जागचं उठायचं नाही.

ठरल्या दिवशी सकाळी पाकळ्या लागल्या. कऱ्हाडहून मशीनवाला करवत घेऊन आला होता, तोही बसला. मी खोडाला पाठ लावून बसले.

दुपार झाली. खाली गावात अंगणातले पापड कडकडीत वाळले असतील, इथं आंब्याच्या सावलीत माणूस वाळत नव्हता, तर पाकळी कुठली वाळायला. मशीनच्या दांड्यावर शेवाळ धरलं. लोक म्हणतात मी हळूच पाषाणावर पाणी शिंपडलं. साफ खोटं. माझ्याकडं बाटली होती आणि मी पाणी प्याले, एवढंच.

भुकेनं कावलेल्या एकाला युक्ती सुचली. "वरच्या दोन फांद्या उतरवा. ऊन आत आलं की पाकळी वाळंल, कौल मिळंल."

आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, सुभेदारांनीसुद्धा. मशीनवाल्यानं दोरी ओढली. रानात कधी ऐकला नव्हता असा आवाज उठला.

मी वर्गातला आवाज काढला, तो मशीनच्याही वर गेला. "आंबा तोडू का विचारायला आधी आंबा तोडता?"

मशीन थांबलं. गुरव म्हणाला, "कौलाच्या आधी हत्यार लागलं तर कौल बाटंल, सुभेदार."

दीर माझ्याकडं वळले. "वैनी, तुमी हितनं उठा बगू."

"कौल लागलेला असताना उठायचं नसतं, भावजी. मी बाहेरची, सांगलीची, तरी मला ठाऊक आहे. आणि फांदी उतरवायची तर ती माझ्या डोक्यावर येईल, तेवढी तयारी ठेवा."

त्यांनी मशीनवाल्याला खूण केली, खाली ठेव म्हणून.

उन्हं कलली तशी उजवी पाकळी हलली. अर्धी सुटून लोंबत राहिली. मी पाठ खोडाला आणखी घट्ट लावली.

दीर सरकत सरकत माझ्याजवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "उजवी पडली तर काय करशीला?"

"देवीशी भांडेन. तुमच्याशी भांडून सराव झालाय."

"देवीशी?"

"तिचं रान ती द्यायला निघाली, तर कुणीतरी भांडायला नको?"

दिवेलागण झाली तेव्हा पाकळी अजून लोंबतच होती. दिवेलागणीनंतर कौल घेत नाहीत. गुरवानं दोन्ही पाकळ्या हातानं काढल्या आणि म्हणाला, "कौल ऱ्हायला."

राहिला म्हणजे होकार नाही, नकारही नाही. नवरात्रात मुंबईची मंडळी धापा टाकत चढ चढून आली आणि वाटेत मला शिव्या देत होती, त्या मी मोजल्या नाहीत.

परवा दिरांनी निरोप धाडला. कमिटी पुन्हा कौल लावणार, ऐन वैशाखात, म्हणजे पाकळ्या झटक्यात वाळतील. मी उलटा निरोप दिला: दिवस कळवा, डबा बांधून येते. आणि भावजी, उजवी पडली तरी मी खोडापासून उठणार नाही, हे कमिटीला आजच सांगून ठेवा.