दीडशे रत्तलांचे ओझे

११ फेब्रुवारी १८९७, गुरुवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. ही वेळ स्टेशनच्या घड्याळाची. रेल्वे मद्रासच्या वेळेने चाले, गाव तिच्या अर्धा तास मागे असे. कल्याणच्या आमच्या घरात, माळ्यावर रचलेल्या गोधड्यांच्या शेजारी, तीन उंदीर मरून पडलेले दादाला त्या वेळी दिसले.

आळीतली दोन घरे प्लेगने आधीच बंद झाली होती. उंदीर मेले की माणसांनी घर सोडायचे, हे सर्वांना कळून चुकले होते. का सोडायचे, हे कोणालाच नीट सांगता येत नव्हते. मी वैद्यकाच्या तिसऱ्या वर्षाला होते आणि मुंबईत साथ बळावल्यामुळे घरी आले होते. माझ्यापाशी उत्तर तयार होते. विष जमिनीत असते, बंद घराच्या हवेत ते साठते, म्हणून उघड्या माळावर जाऊन राहावे. घरात तिघेच होतो: रस्त्यांच्या कामावर ओव्हरसियर असलेला थोरला भाऊ, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी वहिनी आणि मी. तिघांनी जिवंत राहायचे, एवढाच प्रश्न होता, आणि तो सोडवण्याचे काम मी मागून घेतले.

गाडीवान आमच्या आळीत यायला तयार नव्हते. उरले दादाचे फिरतीचे तट्टू. त्याच्या पाठीवर दीडशे रत्तलांहून अधिक भार घालायचा नाही, असा दादाचा नेम होता. म्हणजे निवारा, अंथरूण, शिधा आणि भांडी हे सारे दीडशेच्या आत बसले पाहिजे. मला हे गणित मनापासून आवडले, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्याच दुपारी दादा आणि मी ठाण्याला गेलो. कोपरीत होड्यांची शिडे आणि मिठागरांवरच्या अंमलदारांच्या राहुट्या शिवणारा एक वृद्ध कारागीर होता. मी पिशवीतून वजनाचा ताणकाटा काढला तेव्हा त्याने सुई थांबवली.

"बाई, तंबू बघायला आलात का मासळीचा वाटा घ्यायला?"

"दोन्हींचं वजन नीट पाहिलेलं बरं."

"वाटा वजनानं नाही लावत, नजरेनं लावतात," तो म्हणाला. "तंबूपण तसाच घ्यायचा."

दादा हसला. मी तिन्ही तंबू ताणकाट्याला लावले. दुहेरी कापडाचा मोठा तंबू ११२ रत्तल भरला. तो गाडीचाच माल. नुसते एकेरी पाल ३१ भरले, पण त्याला बाजूच नव्हत्या. तिसरी राहुटी खांब, मेखा, तणावे आणि मेखा ठोकायची मोगरी धरून ५८. तिचा खांब मधोमध पितळी नळीने जोडलेला होता, त्यामुळे सुटा केल्यावर चार फुटांत मावे. मी आत शिरून शिवणींतून उजेड येतो का ते पाहिले. छतावर तांब्याभर पाणी ओतायला लावून दहा मिनिटे खाली बसून राहिले. थेंब पडला नाही. राहुटी ठरली.

शुक्रवारी पहाटे अंगणात बांधाबांध सुरू झाली. राहुटी ५८, शिधा ३४, भांडी २२, कंदील व औषधांची पेटी ९. एकूण १२३. चार गोधड्या २४ भरल्या. एकूण १४७. घोंगड्या आम्ही खांद्यावर घेणार होतो.

"गोधड्या बुडवल्याशिवाय यायच्या नाहीत," वहिनी म्हणाली.

"का?"

"का म्हणजे? माळ्यावर उंदीर मेले ना? माळ्यावरचं सगळं ओवळं झालं. घोंगड्यांचं चालेल, लोकरीला विटाळ नसतो. गोधड्या धुतल्याच पाहिजेत. आधणाच्या पाण्यातून काढते, तास नाही लागायचा."

मी एकेक गोधडी उलगडून पाहिली होती. कोरडी, डाग नाही, दुर्गंध नाही. त्या जमिनीला टेकलेल्याही नव्हत्या. माझ्या उपपत्तीप्रमाणे त्यांच्यात विष असण्याचे कारणच नव्हते.

"वहिनी, कोरड्या चोवीस आहेत. भिजल्या की साठाच्या खाली यायच्या नाहीत. तट्टू बसेल."

"तट्टू दोनदा येईल की."

"पुन्हा या घरात पाऊल टाकायचं? आणि वाळेपर्यंत थांबायचं तर आणखी एक रात्र इथेच. विटाळासाठी जीव घालवायचा का?"

"वन्सं, तुम्ही मेलेला उंदीरसुद्धा तराजूत घालाल आणि म्हणाल, हलका आहे, चालेल."

दादाने माझ्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. "अगं, ती शिकलेली आहे," एवढेच तो म्हणाला. तिथे ते मिटले.

खांबाचे तुकडे तट्टूच्या पाठीला घासू नयेत म्हणून मी चारही गोधड्या त्यांच्याभोवती गुंडाळल्या, त्यावरून राहुटीचे कापड घट्ट वळले आणि काथ्याने सहा ठिकाणी आवळले. जागा वाचली, पाठ वाचली, एकच गठ्ठा झाला. असा नेटका गठ्ठा मी पुन्हा कधी बांधला नाही.

मोहन्याच्या बाजूला, नदीपासून जरा उंचावर, भात कापून रिकामे झालेले एक खाचर होते. तिथल्या शेतकऱ्याने लांबूनच परवानगी दिली. अकराच्या सुमारास राहुटी उभी राहिली. पहिल्या रात्री वहिनी गोधडीला शिवली नाही. घोंगडी पसरून निजली आणि सकाळी खोकत उठली. ती म्हणाली, नदीवर नेऊन धुऊन आणते. मी पुन्हा नको म्हटले. फेब्रुवारीतली नदीकाठची जमीन ओल धरून होती, गोधड्या दोन दिवस वाळल्या नसत्या, आणि खोकल्याचा फुफ्फुसदाह व्हायला एक रात्र पुरते. हे सगळे मी तिला क्रमवार समजावले. शनिवारपासून ती माझ्या आग्रहाखातर चारही गोधड्या एकावर एक घालून त्यांवर निजू लागली. दादा बाहेर तट्टूजवळ निजे, मी दुसऱ्या कोपऱ्यात घोंगडीवर.

रविवारी सकाळी तिने लुगड्याचा काठ वर करून मला घोटे दाखवले. लाल ठिपके होते, दहा-बारा.

"तुमच्या शास्त्रात पिसवा फार झाल्यात, वन्सं."

आम्ही दोघी हसलो. मी तिला खोबरेल तेल लावायला दिले.

बुधवारी, १७ तारखेला, दुपारी तिला थंडी वाजली. १०१.४. संध्याकाळी १०३. गुरुवारी उजव्या जांघेत सुपारीएवढी गाठ हाताला लागली. १०४.६. त्यानंतर मी दर चार तासांनी तापमापक लावला आणि प्रत्येक आकडा वहीत लिहिला, कारण दुसरे काही करण्याजोगे माझ्या शिक्षणात नव्हते. दादाने कळवल्यावर आलेल्या डॉक्टरांनी गाठ पाहिली, रोग्याला हलवू नका म्हणाले, आणि मी करत होते तेच चालू ठेवायला सांगितले.

पिसवांमुळे हा रोग उंदराकडून माणसाकडे येतो, असे मत गेल्या वर्षी, १८९८ साली, एका परदेशी डॉक्टरने मांडले. बहुतेक विद्वानांनी ते मानलेले नाही. आमच्या वर्गात ते वाचून दाखवले तेव्हा काही जण हसले. मी मानले, कारण माझ्यापाशी माझी वही होती. राहुटीत आम्हा तिघांचे अन्न एक, पाणी एक, जमीन एक, हवा एक. फरक होता तो फक्त अंथरुणाचा, आणि ते अंथरूण मी निवडले होते. वहिनीचे कारण चूक होते आणि तिचा निर्णय बरोबर होता. माझी बेरीज बरोबर होती. गोधड्या त्या शुक्रवारी आधणात पडल्या असत्या तर त्यांच्यात जिवंत काही उरले नसते. एक तास लागला असता.

शनिवारी तिला भ्रम झाला. ती कोणाला तरी वाढत होती, पुन्हा पुन्हा आग्रह करत होती. रविवारी सकाळपर्यंत १०५ च्या वर. मग दुपारी अंग एकदम निवाले आणि घाम फुटला. दादा राहुटीच्या तोंडाशी बसला होता. तो आत सरकला, तिच्या कपाळाला हात लावून माझ्याकडे वळला, आणि चार दिवसांत पहिल्यांदाच त्याचा चेहरा सैल झाला.

"उतरला ना गं ताप?"

या रोगात ताप असा घसरतो तेव्हा तो बरे होण्यासाठी घसरत नाही. तिची नाडी माझ्या बोटांखाली मोजण्याजोगी राहिली नव्हती. वहिनीने डोळे उघडले होते आणि तीही माझ्याकडेच पाहत होती.

"हो," मी म्हणाले. "उतरला."

मी तापमापक उजेडात धरला आणि वहीत लिहिले: २१ फेब्रुवारी, दुपारी चार वाजून वीस मिनिटे, ९५.८.