हंबरचा चिमटा

भंगारवाल्यानं घन उचलला तेव्हा शालू बाजाराच्या दुसऱ्या टोकाला लसूण निवडत होती. पाचोडच्या आठवडी बाजारात तो दर वेळी जुन्या सायकली गोळा करायचा आणि टेम्पोत जास्त मावाव्यात म्हणून तिथंच ठेचून सपाट करायचा. त्या आवाजाकडं कुणी वळून बघत नसे. शालूनं बघितलं. हिरव्या रंगाचा एक सांगाडा जमिनीवर आडवा पडला होता. त्याला चाकं नव्हती, पुढचं चाक धरणारा चिमटा नव्हता. तिनं हातातला लसूण टाकला आणि माणसांना ढकलत धावली.

"ए, थांब!"

घन खाली यायला लागला होता. शालूनं खांद्यानं धडक दिली. घन सांगाड्याशेजारी मातीत रुतला आणि भंगारवाला मागच्या रिमांच्या ढिगावर उताणा पडला. एका तुटक्या तारेनं त्याच्या कानाची पाळी फाडली. त्यानं हात लावून बघितलं, बोटं लाल झाली.

"कुंकू लावून मारामाऱ्या करती व्हय गं?"

"घन बाजूला टाक, मंग बोलू."

"माझं लोखंड हाय. ठेचीन नायतर खाईन."

"खा की. पण हे नाय."

तो उठला आणि त्यानं तिचा दंड धरला. शालूनं त्याच्या नडगीवर चपलेची टाच हाणली आणि सांगाड्यावर बसकण मारली. गर्दी जमली. कुणी तरी म्हणालं, "दे रं बाबा तिला, नायतर तुलाच भंगारात इकंल ती." लोक हसले. भंगारवालाही कान दाबून थोडा हसला.

शालूचं लक्षच नव्हतं. ती नखानं रंग खरवडत होती. वरचा हिरवा रंग पोपड्यासारखा निघाला. त्याखाली काळा होता आणि काळ्यावर केसाएवढी बारीक सोनेरी रेघ. मग तिचा अंगठा सीटच्या खाली उजवीकडच्या नळीवर गेला. तिथं पितळेचा ओबडधोबड गोळा होता. ती नळी माहेरी, देवगाव रंगारीच्या लोहाराकडं जोडली, तेव्हा भाता तिनंच ओढला होता. ही तिच्या बापाची विलायती हंबर सायकल होती.

जुन्या सायकली ओळखायच्या आणि पुन्हा उभ्या करायच्या, हे शालूचं काम. हर्सूलला रस्त्याच्या कडेला तिची पत्र्याची शेड होती. तिचा नवरा बद्रीनाथ वाळूजला कंपनीत जायचा आणि शालू सकाळपासून हातोडा घेऊन बसायची. शहरातले डॉक्टर, हॉटेलवाले, निवृत्त साहेब आपापल्या आजोबांच्या सायकली तिच्याकडं आणून टाकायचे. त्यांना वाटायचं, हे नाजूक काम असणार. शेडपाशी उभं राहिलं की त्यांचा गैरसमज जायचा. पायडलचा दांडा धुऱ्याला जखडणारी, पन्नास-साठ वर्षं गंजून बसलेली कॉटरपिन गोडीगुलाबीनं निघत नाही. तिला रॉकेल पाजावं लागतं, आच द्यावी लागते आणि मग एकच घाव असा घालावा लागतो की पिन निघावी आणि धुरा वाचावी. घाव तिरका पडला तर दोन्ही जातात. शालूचा घाव तिरका पडत नसे.

माणसांवरही तिचा हात तसाच चालायचा. उसने नेलेले पार्ट परत न देणाऱ्या एका दुकानदाराचा दात तिनं पान्ह्यानं पाडला होता. बद्रीनाथ पाहुण्यांना सांगायचा, "आमच्यात भांडण झालं की मी आधी टूलबॉक्स लपवतो."

हा हात बापाचा होता. सोनाजी मेंढरं राखायचा. दुसऱ्याच्या कळपात शिरलेलं आपलं मेंढरू तो अंधारात नुसता कान चाचपून ओढून काढायचा. कोकरं पाटीत घालून, पाटी कॅरिअरला बांधून हंबरवरून बाजाराला न्यायचा. आणि पोरांना सायकलच्या पंपानं मारायचा. रामप्रसाद थोरला, त्याला जास्त मारायचा. धाकट्या कृष्णाला जरा कमी, पण रोज. शालूलाही सोडायचा नाही. घंटी ऐकू आली की तिघं तीन दिशांना पळायची. संध्याकाळी मात्र सोनाजी सायकल अंगणात उलटी करायचा आणि शालूला हाक मारायचा. ती बेअरिंगचे छर्रे धुवायची, चेनव्हील पुसायची. त्या चेनव्हीलमध्ये लोखंडाचीच माणसं कोरलेली होती, पाच जण एकामागं एक पळणारी. पायडल फिरवलं की ती पळायची. त्या वेळात बापानं तिला कधीही मारलं नाही. भावांना त्या सायकलीजवळ काहीच मिळालं नव्हतं.

म्हणून सोनाजी गेल्यावर वाटणीच्या वेळी शालूनं जमिनीवरचा हक्क सोडला आणि फक्त हंबर मागितली. दोघंही म्हणाले, घेऊन जा. पण ती टेम्पो घेऊन पोचली तोवर दोघांची जुंपली होती. बापाच्या घरातली वस्तू बहिणीला दुसऱ्या भावाच्या हातून जाऊ नये, एवढ्यावरून. रामप्रसादनं सांगाडा ओढला, कृष्णानं चाकं आणि चिमटा. पुढं बांधावरून आणखी जोरात पेटलं. रोज रात्री हद्दीचा दगड सरकायचा, सकाळी काठ्या निघायच्या. रामप्रसादचे समोरचे दात गेले, कृष्णाच्या कानापासून मानेपर्यंत व्रण उमटला. शेवटी मोजणी झाली, हद्द पुन्हा ठरली आणि कृष्णानं तिथं खड्डा करून चिमटा उलटा पुरला, वर सिमेंट ओतलं. दगड सरकतो, हा सरकणार नव्हता. तेव्हापासून बांधावर रक्त सांडलं नव्हतं.

पाचोडहून सांगाडा विकत आणल्यावर शालूनं रामप्रसादला फोन केला.

"दादा, आबाची सायकल भंगारात घातली तू?"

"जागा अडत व्हती."

"मला द्यायची."

"तुला दिली असती तर त्या कृष्ण्याला आनंद झाला असता."

"आता चिमटा बी लागतो मला."

रामप्रसादनं आवाज खाली आणला. मग म्हणाला, "शाले, त्याला हात लावू नको. सांगून ठेवतो."

बद्रीनाथ म्हणाला, "दुसरा चिमटा बसव ना. शेडमध्ये ढीग पडलाय."

"हंबरला दुसरा बसत नाय."

बसला असता, पण मग ती हंबर राहिली नसती. बाकी सायकलींच्या चिमट्याला दोन बाजूंना एकेक नळी असते. हंबरला दोन दोन असतात. अनोळखी माणूसही लांबून हंबर ओळखतो ती त्यावरून.

होळीनंतरच्या उन्हात शालू मोटारसायकलवर पहार, छन्नी आणि घन बांधून देवगाव रंगारीला गेली. गहू निघालेला होता, रानं मोकळी होती. बांधावर सिमेंटच्या ढेकळातून चार नळ्या वर आल्या होत्या, बोकडाच्या शिंगांसारख्या. शालूनं कुणाला हाक मारली नाही. पदर खोचला आणि पहिला घाव घातला.

आवाज दोन्हीकडं गेला. रामप्रसाद काठी घेऊन आला. कृष्णा बाभळीच्या फांद्या तोडत होता, तो कुऱ्हाडीसकट आला.

"काय करू राह्यली तू?" रामप्रसाद ओरडला.

"दिसत नाय का? दात गेले, डोळे तर हायेत ना?"

"त्यानं धाडलं व्हय तुला? बांध मोडायला?"

"म्या कशाला धाडू?" कृष्णा म्हणाला. "तूच इकलं आसंल तिला. भंगार इकायची सवय हाय तुला."

"तोंड सांभाळ, कृष्ण्या."

"आधी दात सांभाळ."

शालू घाव घालतच होती. सिमेंटला तडा गेला. ते बघून दोघांची भांडणं एकदम थांबली.

"आधी हिला धर," रामप्रसाद म्हणाला.

कितीतरी वर्षांत थोरल्यानं सांगितलेलं काम धाकट्यानं ऐकलं नव्हतं. कृष्णानं कुऱ्हाड टाकली आणि शालूचे केस मुठीत धरून तिला मागं ओढलं. रामप्रसादनं तिच्या मनगटावर काठी मारली, घन निसटला. शालूनं मान तशीच वळवून कृष्णाच्या हाताचा लचका तोडला. तो किंचाळला. तिनं पहार आडवी फिरवली, ती रामप्रसादच्या गुडघ्याला लागली आणि तो बसला.

"आबानं बी आसंच हाणलं," तो गुडघा धरून म्हणाला. "त्याच्याच सायकलीसाठी तू बी हाण. आम्हाला त्या सायकलीनं काय दिलं गं? पुरलाय त्याला तिथं, पुरलेला ऱ्हाऊ दे!"

शालूनं पहार खाली टेकवली. तो खोटं बोलत नव्हता. मग तिनं पहार तड्यात घातली आणि सगळं अंग तिच्यावर टाकलं. चिमटा सिमेंटच्या गोळ्यासकट वर आला. तिनं तो खांद्यावर टाकला. तिच्या ओठांना कृष्णाचं रक्त लागलं होतं, डावं मनगट वळत नव्हतं. भावांपैकी कुणी तिच्यामागं आलं नाही. ते दोघं खड्ड्याकडं बघत होते.

ती मोटारसायकलीपाशी पोचली तोवर मागं आवाज चढले. खड्ड्याच्या कडा ढासळून तो परातीएवढा रुंद झाला होता. हद्द त्याच्या मधोमध होती, की कृष्णाच्या कडेला, की रामप्रसादच्या? वीतभर जमिनीचा प्रश्न होता. रामप्रसादनं काठीनं रेघ ओढली, कृष्णानं ती पायानं पुसली. मग काठीचा फटका ऐकू आला.

शालूनं चिमटा मागच्या सीटवर बांधायला घेतला. घरी जावं, एवढंच तिच्या मनात होतं. तिला हवं ते तिच्या हातात होतं. आणखी एक फटका. मग रामप्रसाद ओरडला. ते ओरडणं तिच्या ओळखीचं होतं. लहानपणी पंपाच्या पहिल्या फटक्याला तो असा ओरडायचा नाही, फटके थांबणार नाहीत हे कळल्यावर ओरडायचा.

ती वळली. रामप्रसाद खड्ड्यात पडला होता, कपाळ फुटलं होतं. कृष्णानं कुऱ्हाड उचलली होती, आणि ती नुसती धमकावण्यासाठी उचललेली नव्हती. शालू चिमटा हातात घेऊनच पळाली. हाक मारण्यात वेळ घालवला नाही. धावता धावता तिनं चिमट्याच्या नळ्या दोन्ही हातांत धरल्या आणि सिमेंटचा गोळा कृष्णाच्या दंडावर घातला. हाड मोडल्याचा आवाज झाला. कुऱ्हाड रामप्रसादच्या डोक्याशेजारी मातीत पडली. सिमेंटचे तुकडे उडाले आणि त्यांच्यासोबत चिमट्याची एक नळी मुळापासून तुटून लोंबली.

कृष्णा दंड धरून गुडघ्यांवर आला. "माय मेली... हात मोडला माझा. शाले, हात मोडला!"

"बरं झालं," शालू म्हणाली. "डोकं मोडलं नाय कुणाचं."

रस्त्यावरून जाणारी जीप तिनं आडवी होऊन थांबवली. ड्रायव्हर रक्त बघून नको म्हणत होता. तिनं त्याच्याकडं नुसतं बघितलं, तसं त्यानं दार उघडलं. कन्नडच्या दवाखान्यापर्यंत रामप्रसाद तिच्या एका बाजूला आणि कृष्णा दुसऱ्या बाजूला बसला. थोरल्याचं कपाळ तिनं आपल्या पदरानं दाबून धरलं होतं. दोघंही तिला शिव्या देत होते, एकाची संपली की दुसऱ्याची सुरू व्हायची. एकमेकांना मात्र त्यांनी एकही दिली नाही.

चिमटा तिच्या मांडीवर होता. तिनं तुटलेली नळी हलवून बघितली. गंजानं ती आतून कागदासारखी झाली होती, तिथं पितळेच्या जोडाचा डाग धरणार नव्हता. अशी नळी आता कुठल्याच बाजारात मिळत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? तिनं ती पिळून वेगळी केली आणि पिशवीत ठेवली. हंबर झाली तर तीन नळ्यांवर उभी राहील, आणि बघणारा प्रत्येक जण चौथी कुठं गेली ते विचारील.

दवाखान्यात तरुण डॉक्टरनं कृष्णाचा दंड चाचपला, दातांचे वण बघितले आणि लिहायला पेन काढलं. "कशानं झालं? मारामारी असेल तर पोलिसांना कळवावं लागतं."

कृष्णानं भिंतीकडं बघितलं. "सायकलवरून पडलो."

"आणि तुमचं कपाळ?"

"म्या डबलसीट व्हतो," रामप्रसाद म्हणाला.

डॉक्टर दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिला. "सायकल चालवत कोण होतं?"

दोघांनी दाराकडं बोट केलं. तिथं शालू सुजलेलं मनगट पोटाशी धरून, काखेत चिमटा मारून उभी होती.