हँडब्रेक लावून टोचन

कीथली गावच्या शाळेत सत्तावीस वर्षं देखभालीचं काम करून निवृत्त झालेल्या क्लिफर्ड बॅराक्लफला जगातल्या एकाच विषयातलं सगळं कळत होतं. तो विषय म्हणजे बंद पडलेली जुनी मिनी गाडी घरी कशी आणावी. मिनीवाल्यांच्या क्लबात कुणाचीही गाडी रुसली की फोन क्लिफर्डला. ट्रेलरवर गाडी किती पुढे चढवावी, पट्टे कशावरून घ्यावेत, दोराने का ओढू नये, हे तो न विचारताही सांगे. सगळ्यात लाडकी त्याची तिकोनी लोखंडी दांडी. तिची दोन टोकं मिनीच्या पुढच्या अंगाला बोल्टने आवळायची, तिसरं ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या गोळ्यावर बसवायचं. मग मिनी आपल्याच चार चाकांवर मुकाट मागे येते. "अगदी नवऱ्यासारखी," असं तो म्हणे. त्याची बायको नोरीन या विनोदावर आजवर हसलेली नव्हती.

त्याची स्वतःची मिनी हिरवी, त्र्याहत्तर सालची. क्लबच्या वार्षिक मेळाव्यात पहिली रांग स्वतःच्या दमावर आलेल्या गाड्यांची. ओढून आणलेल्या मागे, शौचालयांच्या बाजूला. क्लिफर्ड सलग बावीस वर्षं पहिल्या रांगेत होता. साठी उलटलेल्या माणसाने असल्या गोष्टीवर जीव टाकावा हे हास्यास्पद आहे, हे त्याला मान्य होतं. पण टाकला होता खरा.

यंदा मेळाव्याच्या दोन दिवस आधी रेडिएटर गळायला लागला. गाडी चार मैल जाई, मग उकळे. मेळावा सत्तर मैलांवर, समुद्रकाठी.

"दांडीने ओढत नेऊ," क्लिफर्ड म्हणाला. "दोन मैल अलीकडे सोडू आणि तिथून चालवत आत."

"म्हणजे लोकांना फसवायचं."

"फसवायचं कसं? शेवटचे दोन मैल अगदी खरे असणार आहेत."

नोरीनने सँडविचं कागदात गुंडाळली.

सकाळी घरापुढच्या उतारावर त्याने मिनी मोठ्या गाडीला जोडली. मग नेहमीची उजळणी. नोरीन यादी वाचतेय, आणि तो गाडीभोवती फिरत खड्या आवाजात उत्तरं देतोय.

"स्टिअरिंगचं कुलूप?"

"उघडलं."

"गिअर?"

"न्यूट्रल."

"हँडब्रेक?"

"सोडला."

"मागच्या दिव्यांची पाटी?"

"बांधली."

यातलं हँडब्रेकचं उत्तर त्याने गाडीत न डोकावता दिलं. तीस वर्षं तो तेच उत्तर देत होता आणि तीस वर्षं ते बरोबर होतं.

माळरानाच्या चढावर मोठी गाडी दमायला लागली. वारा समोरचा आहे, असं क्लिफर्डने ठरवलं.

"काहीतरी जळतंय," नोरीन म्हणाली.

"माळावर हेदरची झुडपं जाळत असतील."

"जुलैत? ती तर थंडीत जाळतात."

क्लिफर्डने काच वर केली. तेवढ्यात मागून एक पिवळी मिनी दिवे उघडझाप करत आली आणि हॉर्न वाजवायला लागली. त्याला थांबावंच लागलं.

पिवळी मिनी हिलरी थ्वेटची. या बाईने दोन वर्षांपूर्वी हँडब्रेक लावलेल्या गाडीचं टोचन केलं होतं, आणि क्लिफर्डने क्लबच्या पत्रिकेत त्यावर पानभर लेख लिहिला होता. नाव दिलं नव्हतं. 'पिवळ्या गाडीच्या एक बाई' एवढंच लिहिलं होतं. क्लबात पिवळी गाडी एकच होती.

"क्लिफ, तुझ्या मागच्या चाकांतून धूर येतोय," हिलरी म्हणाली.

त्याने मिनीच्या काचेतून आत पाहिलं. हँडब्रेक दोन खटके वर होता. उतारावर गाडी घसरू नये म्हणून जोडताना त्यानेच ओढला होता. हिलरीनेही पाहिलं. नोरीनने यादी घडी घालून पर्समध्ये ठेवली.

"ब्रेकचे ड्रम गार होऊ देत," हिलरी म्हणाली. "पाणी ओतू नकोस."

"पाणी ओतायचं नसतं, ते माहीत आहे मला."

"माहीत तर तुला सगळंच आहे रे."

अर्धा तास तिघं बांधावर बसून थर्मासमधला चहा प्याले. मग हातोडीने ठोकून चाकं मोकळी झाली. निघताना हिलरी म्हणाली, "मी काही पाहिलेलं नाही. माझा चष्मा घरी राहिलाय." चष्मा तिच्या नाकावर होता.

ठरल्या जागी क्लिफर्डने दांडी काढली, मोठी गाडी नोरीनच्या हाती दिली आणि मिनी चालवत निघाला. दोन मैलांत त्याला एकदाही मजा आली नाही. आरशात पिवळी गाडी होती. तिने त्याच्यावर पानभर लिहिलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत राहिलं.

फाटकावर गॉर्डन पिकल्स उभा. त्याने काही न विचारताच हात केला. "ये क्लिफ! पहिली रांग!"

"गॉर्डन, टोचन करून आणलीय."

"हो, हो. चल पुढे."

"खरंच. आणि हँडब्रेक लावून."

गॉर्डन पोट धरून हसला. "तू? अरे बाबा, सकाळी सकाळी किती हसवशील!"

मागे सात गाड्या अडल्या, हॉर्न वाजायला लागले. खोटं बोलायला दोन मैल पुरले होते, आणि खरं मात्र कुणी घ्यायला तयार नव्हतं. क्लिफर्ड खाली उतरला आणि गॉर्डनला बाहीला धरून मागच्या चाकाशी घेऊन गेला.

"वाक. हुंग."

गॉर्डन वाकला, हुंगला. सरळ व्हायला त्याला वेळ लागला. मग त्याने गंभीर चेहऱ्याने शौचालयांकडे बोट दाखवलं, आणि क्लिफर्डची पाठ वळताच ध्वनिक्षेपकाकडे धावला.

दहा मिनिटांत मागच्या रांगेत गर्दी जमली. लोक आळीपाळीने वाकून चाक हुंगत होते. नोरीन घडीच्या खुर्चीवर बसून हसत होती, चांगली डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हिलरी पहिल्या रांगेतली आपली जागा सोडून चालत आली आणि घोळक्याच्या पुढे येऊन उभी राहिली.

"मला नीट समजलं नाही," ती मोठ्याने म्हणाली. "पहिल्यापासून सांग."

क्लिफर्डने टोपी काढली, आणि पहिल्यापासून सांगितलं.