मे महिन्यातला हीटर

आमच्या ताईचे यजमान, नंदकिशोर सामंत, यांना स्वतःला ताप आला तर ते दोन दिवस कोणाला सांगत नाहीत. गाडीला आला तर अख्ख्या चारकोपला कळतो. गाडी म्हणजे चौऱ्याहत्तर सालची दुधी रंगाची फियाट. विमा कंपनीत तेहतीस वर्षं कारकुनी केलेल्या या माणसाने जीव लावला तो दोनच ठिकाणी, एक ही गाडी आणि दुसरी मुलगी गंधाली. पहिला नंबर कोणाचा ते रोज बदलतं, असं आमची नलिनीताई म्हणते.

मार्च लागला की भावोजींचा उन्हाळी कारभार सुरू होतो. रेडिएटर उतरवून इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या चंद्रप्रकाश मेकॅनिककडे न्यायचा आणि आतला गंज धुऊन निघेपर्यंत त्याच्या डोक्यावर उभं राहायचं. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून बघायचा. डिकीत पाण्याचे दोन कॅन ठेवायचे. सोसायटीत कोणी सहज "ऊन काय वाढलंय ना" म्हणालं की त्याचा पाऊण तास गेलाच. "गाडी नाकाने वारा घेते. पुढची जाळी मोकळी, तर इंजिन थंड," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की मला सर्दी झाली तरी तेच आठवतं.

गंधालीचं लग्न ठरलं आणि त्यांनी जाहीर केलं, "हॉलवर तिला मी नेणार, फियाटमधून. जन्मली तेव्हा हॉस्पिटलातून घरी आणली तीही यातूनच." कोणी नाही म्हटलं असतं तर ते तिथेच रडले असते. ताई नाही म्हणाली नाही, पण अट घातली. मागून भाड्याची एसी गाडी येईल. इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला की मुलगी त्या गाडीत बसेल, आणि त्यावर चर्चा होणार नाही. भावोजी कबूल झाले आणि पुढचा महिनाभर झोपेत रेडिएटरशी बोलत राहिले.

लग्न सतरा मेला, बोरिवलीत. दहाच्या आत नवरीला गौरीहाराला बसवायचं होतं. आम्ही नऊला निघालो. स्टिअरिंगवर भावोजी, शेजारी मी, कारण मी मुलीचा मामा, आणि मागे पिवळ्या साडीत गंधाली. एरवी हा वीस मिनिटांचा रस्ता.

महावीर नगरच्या सिग्नलला काटा हलला. भावोजींनी घसा खाकरला. पुढच्या सिग्नलला काटा मधली रेघ ओलांडून गेला आणि त्यांनी देवाचं नाव घेतलं. शिंपोलीपर्यंत तो लाल पट्ट्याच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहिला. भावोजींनी गाडी कडेला घेतली. त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

"वाट लागली," मी म्हणालो. मी मदत म्हणून बॉनेट उघडलं आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. भावोजी असे ओरडले की शेजारच्या रसवंतीचं चाक थांबलं. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं, हे मला त्यांनी पंचवीस वर्षांत दोनशे वेळा सांगितलं होतं. लग्नाच्या गडबडीत माणसाची अक्कल चरायला जाते, त्याला कोण काय करणार.

तोवर मागच्या गाडीतून ताई उतरून आली. "लाल झाला?"

"रेघेवर आहे गं आई," गंधाली खिडकीतून म्हणाली. "रेघ म्हणजे लाल नाही."

"पाच मिनिटं देते," ताई म्हणाली आणि घड्याळ बघत उभी राहिली.

गंधाली साडी सावरत खाली उतरली. लहानपणापासून बापाला पाने-पकडी पुसून देणारी पोर ती. तिने गाडीला एक फेरी मारली, समोर उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवले.

"बाबा, गाडीचं नाक कोणी झाकलं?"

मी पुढे जाऊन बघितलं. जाळीची एक फट दिसत नव्हती. झेंडूचे सहा पदरी हार, मध्ये आंब्याची पानं, त्यावर शेवंती, सगळं तारेने घट्ट आवळलेलं. सजावटवाल्याला तर भावोजींनी आदल्या दिवशी हाकलून लावलं होतं.

"मीच," भावोजी म्हणाले. "पहाटे एकट्याने बांधले. म्हटलं, माझ्या मुलीची गाडी अशी बोडकी कशी जाईल? जाळीचं लक्षातच आलं नाही रे."

ज्या माणसाने जाळीवर साधा लिंबू-मिरचीचा दोरा टांगू दिला नव्हता, त्याने स्वतःच्या हाताने तिचा श्वास कोंडला होता. मला हसू आवरेना. गंधाली तर फुटपाथवरच बसली पोट धरून, आणि शेवटी ताईसुद्धा घड्याळ सोडून हसायला लागली.

तारा सोडवून निघालेले हार ठेवायचे कुठे? फेकायचे तर अपशकुन. मी ते गळ्यात घातले. एक रिक्षावाला थांबून म्हणाला, "अंकल, इस उमर में? मुबारक हो." मी आभार मानले.

इंजिन थोडं निवलं, पण दहाला पंधरा मिनिटं होती आणि काटा अजून वरच होता. भावोजी म्हणाले, "एक उपाय आहे. हीटर."

मूळच्या पारशी मालकाने महाबळेश्वरच्या थंडीसाठी गाडीत हीटर बसवून घेतला होता. तो इंजिनातलं गरम पाणी आत फिरवतो. तो पूर्ण चालू केला की इंजिनाची उष्णता माणसांवर येते आणि इंजिन वाचतं.

"मेकअप?" मी विचारलं.

"चालू करा बाबा," गंधाली म्हणाली.

मग आम्ही सतरा मेला, चारही काचा खाली करून, हीटर लावून लिंक रोडने निघालो. आत भट्टी पेटली होती. माझ्या गळ्यातली शेवंती वाळायला लागली, गंधालीचं काजळ गालावर उतरलं, आणि आम्ही दोघं वेड्यासारखे हसत होतो. भावोजी हसत नव्हते. त्यांची नजर रस्ता आणि काटा यांतून हटत नव्हती. "आला खाली," ते पुटपुटले. "अजून आला."

दहाला दोन मिनिटं असताना हॉलच्या दारात गाडी लागली. काटा मधल्या रेघेच्या खाली होता. भटजी दारात येऊन हातवारे करत होते. मी दार उघडलं.

"बाबा," गंधाली मागून म्हणाली, "सकाळपासून काट्याकडेच बघताय. माझ्याकडे एकदा तरी बघा."

भावोजींनी मान वळवली. काजळ ओघळलेली, घामाने निथळणारी, पिवळ्या साडीतली आपली मुलगी त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली, आणि त्यांना रडू फुटलं. मलाही.

मी चावी बंद करायला हात पुढे केला. त्यांनी तो धरला.

"थांब. गरम इंजिन एकदम बंद करत नाहीत. दोन मिनिटं चालू ठेवावं लागतं."

इंजिन थंड झालंय हे आम्हा तिघांनाही दिसत होतं. गंधालीने मागून त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकवली.

"पाच ठेवा," ती म्हणाली.