जावयांची फास्ट बोट

ती बोट कायमची बंद झाली, असं परवा जावयांनी फोनवर सांगितलं. मी म्हटलं, "बरं झालं, मेली एकदाची!" त्यांना वाटलं असेल, सासूबाई हळहळतील.

कशाला हळहळू? नव्वदच्या दशकातली गोष्ट. मुलगी परदेशात, दिवस भरत आलेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्या नाशिकजवळच्या मखमलाबादकडे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून तिला आणायला मी एवढ्या लांब गेले. इकडे घरी खोली रंगवून तयार, डिंक-हळीव आणून ठेवलेले. ठरावीक आठवडे उलटले की विमानवाले पोटुशी बाईला घेत नाहीत, आणि आमचं विमान त्या मुदतीतलं अगदी शेवटचं. विमानतळ सामुद्रधुनीच्या पलीकडे.

धक्क्यावर दोन बोटी उभ्या. एक जुनी, मोठी, रेंगाळत जाणारी. दुसरी ही नवी कॅटमरान, खाली दोन बुडं, पोटात गाड्या भरून निम्म्या वेळात पलीकडे नेणारी. जावयांना अर्थात हीच हवी. नवी कोरी गाडी घेतली होती ना, ती साध्या बोटीतून कशी जाईल! वारा तर असा की माझा पदर डोक्यावर ठरेना. मुलीने माझा हात दाबला. "आई, मोठीनं जाऊ या. तू सांग ना. तुझं मोडणार नाहीत ते." तिकिटाच्या खिडकीपाशी जावयांनीही मागे वळून विचारलं, "आई, ही चालेल ना?"

आणि मी काय म्हणाले? "तुम्ही म्हणाल तसं." चार लोकांत जावयाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे डोक्यात इतकं भरवलेलं की जीभच उचलली नाही. भाजी बाजारात अडत्याची बोलती बंद करणारी बाई मी! तिथे नेमकी दातखीळ बसली.

अर्ध्या वाटेत समुद्र खवळला. बोट वर जायची आणि धाडकन आपटायची. खाली गाड्यांचे भोंगे आपोआप कोकलत होते. मुलगी दोन्ही हातांनी पोट धरून, मी तिला धरून, आणि जावई समोर कागदी पिशवीत तोंड घालून बसलेले. मग कप्तानाने जाहीर केलं, लाटा या बोटीला झेपणाऱ्या नाहीत, आपण परत फिरतोय. खिडकीतून बघते तर ती जुनी बोट डुलत डुलत पुढे चाललेली. अंगाची नुसती लाही लाही झाली माझ्या.

विमान गेलं. पुढच्या विमानात तिला घेईनात. माझ्या व्हिसाची मुदत वाढवून मिळाली नाही, आणि मी एकटीच नाशिकला परतले. त्याच मोठ्या बोटीने पलीकडे जाऊन.

बाळ झालं. आठवड्याने मुलीचा रडत फोन. टाके ओले, जमिनीवर बसवत नाही, बाळाला अंघोळ घालायची कशी? म्हटलं, "फोन दे त्यांना."

"जावईबापू, एक अक्षर बोलू नका. खाली बसा. पाय लांब करा, बाळाला पायांवर घ्या. पाणी आधी कोपराने बघा. अहो, हळू! मान धरा, मान!"

मुलीने फोन त्यांच्या कानाशी धरलेला, आणि इथे मी इतकी ओरडतेय की शेजारीण काय झालं म्हणून धावत आली. जावई निमूट "हो आई, हो आई" करत सगळं करत होते. हळूहळू बाळाचं रडणं थांबलं.

म्हणजे ऐकत होते की माझं! तेव्हाही ऐकलंच असतं. तिकिटाच्या खिडकीपाशी एकदा तोंड उघडलं असतं, तर बाळाच्या अंघोळीचं ते पाणी माझ्या पायांवरून वाहिलं असतं.