शेवटचे दोन दात

चावरे हे काकांचं आडनाव नव्हे. दगड चावतात म्हणून पडलेलं नाव. नवीन आलेली मंडळी मात्र पाकिटावर बिनदिक्कत 'श्री. चावरे' लिहीत, आणि काका ते पाकीट घेतही.

जमिनीच्या पोटात गाळ साचून झालेल्या खोऱ्यांत गॅस कुठे दडलाय, हे शोधणारं त्यांचं खातं. बोअरमधून काढलेल्या दगडी कांड्या लांबलचक शेडमध्ये लाकडी खोक्यांत मांडलेल्या असत, आणि शेड चाळीस वर्षं काकांच्या ताब्यात. गॅस राहतो वाळूच्या थरात, पण वर चिकणमातीचं घट्ट झाकण असेल तर. झाकण जरा भरड कणांच्या पोयट्याचं निघालं, की गॅस केव्हाच पसार. दोन्ही दगड दिसायला सख्खी भावंडं. काका चिमूटभर भुगा पुढच्या दातांत धरत. कचकचला तर पोयटा, लोण्यासारखा लागला तर चिकणमाती.

आता दातच उरले होते दोन. एक वरचा, एक खालचा, नेमके समोरासमोर. आणि पोटची लेक निघाली दातांची डॉक्टर. हे दोन खुंट उपटून छान कवळी बसवायची, असं तिनं ठरवून टाकलं होतं. शुक्रवारची वेळही दिली होती. काकांनी गयावया केली, रुसून पाहिलं. लेक बापाचीच, हटेना.

बुधवारी नव्या विहिरीच्या कांड्या आल्या. खात्यातल्या तरुण संशोधक मुलीनं झाकणाचा थर बोटांनी चोळला आणि वहीत 'पोयटा' लिहिलं. साहेब त्या खोऱ्याचं काम गुंडाळायच्या बेतात. काकांनी चिमूट तोंडात टाकली, डोळे मिटले आणि सावकाश चावली.

"वाळून भुसभुशीत झालीय, म्हणून बोटाला खरखरते. चिकणमाती आहे, पोरी."

मुलीनं मान डोलावली, पण वहीतला शब्द खोडला नाही. प्रयोगशाळेतल्या यंत्राचा अहवाल यायला दहा दिवस होते. तेवढं थांबायला साहेब कसेबसे तयार झाले.

घरी येताच काकांनी लेकीला गाठून पैज लावली. यंत्र पोयटा म्हणालं तर दात तिचे, चिकणमाती म्हणालं तर आपले.

"आधी सांगा, दुखतात का? खरं सांगा हं, बाबा."

"तुझी आई गेली तेव्हापासून एवढी चौकशी कुणी केली नव्हती. नाही दुखत."

लेकीनं तोंडात आरसा घालून पाहिलं. दोन्ही भक्कम होते. शुक्रवार पुढे गेला.

दहाव्या दिवशी संशोधक मुलगी अहवाल घेऊन थेट लेकीच्या दवाखान्यातच आली; काका तिथेच बसले होते. चिकणमाती, तीही एक नंबरची. काम चालू राहणार होतं. वहीतला शब्द तिनं काकांच्या देखत खोडला.

लेकीनं खणातून कवळी काढली. आधीच बनवून ठेवली होती, दोन दातांपुरत्या दोन खिडक्या सोडून. बापाला ओळखून होती.

कवळी बसली. लेक म्हणाली, काहीतरी चावून बघा. काकांनी खिशातून भुग्याची पुडी काढली.

"थांबा," लेक म्हणाली आणि हात पुढे केला. "आधी मला चावून बघू द्या."