आईच्या चमकीतला खडा

मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो, त्यामुळे आमच्या घरात कुठल्याही गोष्टीवर शेवटचा शब्द माझा असतो. मिक्सर जळाला, कोंबडीनं मऊ कवचाचं अंडं घातलं, की मला विचारतात. मी काहीतरी सांगतो. पिंपळवंडीत कुणाच्या विहिरीच्या खोदाईत काळ्या दगडाच्या पोटात चकाकणारे खडे निघाले, की पोरं रुमालात बांधून माझ्याकडं आणतात. "सर, हिरा हाय का?" मी चष्मा कपाळावर चढवतो. आपल्या खडकात हिरा नसतो, तो जमिनीखाली शे-दीडशे किलोमीटरवर घडतो, असं सांगतो. पोरांचं तोंड उतरतं. मग त्यांना रिकाम्या हातानं पाठवायला नको म्हणून हेही सांगतो, की कित्येक शतकं अख्ख्या जगाला हिरे आपल्याच देशातून जायचे, आणि नाणेघाट उतरणाऱ्या बैलांच्या पाठीवर त्यातले काही असणारच. याला माझ्याकडं पुरावा नाही.

आमच्या घरात हिरा एकच होता. आईच्या नाकातल्या चमकीत, ज्वारीच्या दाण्याहून लहान. टोमॅटोला चांगला भाव लागला त्या वर्षी वडिलांनी, आण्णांनी, तो पुण्याहून आणला होता. आत्यानं पहिल्याच दिवशी आईला उन्हात उभं करून तो निरखला आणि म्हणाली, "काच हाय." आईनं त्यानंतर तीस वर्षं ती चमकी नाकातून काढली नाही. "माझ्यामागं ही थोरलीला," एवढंच म्हणायची. थोरली म्हणजे माझी ताई. ताईनं माहेरचं कधी काही मागितलं नाही. ही चमकी तेवढी तिला हवी होती.

आई गेली तेव्हा ताईनं पाटल्या काढल्या, कानातलं काढलं. चमकीची फिरकी निघेना. तीस वर्षांत ती आतून रुतून बसली होती. ताईनं खोबरेल लावून पाहिलं. दारातून कुणीतरी म्हणालं, "पकड आणू का?" ताईनं माझ्याकडं बघितलं.

"राहू दे," मी म्हणालो. "तिच्या नाकाला आता पकड नको. हिऱ्याइतकं कठीण जगात काही नाही, त्याला काय होतंय? सावडायच्या दिवशी राखेतून काढून देतो."

"नक्की का रं?"

"अगं, मी शिकवतो ना."

तिसऱ्या दिवशी सकाळी नदीकाठी मी रव्याची चाळण घेऊन गेलो. बाकीचे अस्थी वेचत होते, मी चाळत होतो. मला रडू येत नव्हतं. राख बारीक होती, चाळणीतून छान पडत होती, आणि ती छान पडतेय एवढंच माझ्या मनात होतं. बऱ्याच वेळानं सोन्याचा एक वेडावाकडा मणी हाताला लागला. खडा नाही. पुन्हा सगळं चाळलं. तेव्हा, तिथं उकिडवा बसलेला असताना, मला माझाच फळा दिसला. हिरा आणि ऑक्सिजन, मध्ये बाण, पुढं कार्बन डायऑक्साइड. माझंच अक्षर. दरवर्षी दिवाळीनंतर हा धडा येतो.

"खडा?" ताईनं विचारलं.

"जळाला."

"हिरा जळतो?"

"जळतो. कोळसा अन् तो एकच. त्याची मांडणी घट्ट असते, एवढंच."

"मंग परवा काय म्हनला व्हतास?"

"परवा विसरलो."

आत्या मागं उभी होती. "मी तवाच म्हनलं व्हतं, काच हाय," ती म्हणाली. ताईनं मणी पदराच्या गाठीत बांधला. मी चाळण नदीत धुतली. घरी ती पुन्हा वापरतील का, याचा विचार करत होतो.

दिवस घातल्यावर ताई, आण्णा आणि मी जुन्नरला सोनाराकडं गेलो. मण्याची चमकी करून द्या, असं ताईनं सांगितलं. सोनारानं सगळं ऐकून घेतलं. "काच असती तर वितळून गोळी झाली असती, राव. आन् अमेरिकन डायमंड असता तर तसाच्या तसा घावला असता. काहीच उरलं न्हाई म्हंजी बहुतेक खरा व्हता. बारका खडा, जळतो."

आण्णा आई गेल्यापासून बोललेच नव्हते. ते म्हणाले, "आक्काला फोन लाव."

मी आत्याला फोन लावून दिला. "खरा व्हता," आण्णा म्हणाले आणि फोन मला परत दिला. आत्या पलीकडून हॅलो हॅलो करत होती.

ताईची नवी चमकी नुसत्या सोन्याची आहे, मसुराएवढी. "बिनखड्याची बरी दिसत न्हाई, दुसरा खडा बसवू का?" असं सोनारानं विचारलं होतं. ती नको म्हणाली. मला ती काही बोलली नाही. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं, असंही नाही.

यंदा दिवाळीनंतर तो धडा आला. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, एवढ्या महागाचा हिरा कोन जाळून बघनार?"

फ्रान्समधल्या एका शास्त्रज्ञानं भल्यामोठ्या भिंगानं ऊन एकवटून जाळला होता, असं मी दरवर्षी सांगतो. यंदाही तेच सांगितलं, आणि फळ्याकडं वळून समीकरण लिहिलं. बाण जरा वाकडा आला. पुसून सरळ काढला.